चेहऱ्यावरील वांग आणि ‘क’ जीवनसत्त्व

कळमेश्वर, काटोल, नरखेड हा संत्र्याचा पट्टा. संत्र्यात, लिंबात ‘क’ जीवनसत्त्व असते. म्हणून त्यांचा रस चेहऱ्यावर चोळला की वांग जातो, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. उन्हातान्हात निंदण आणि कापूसवेचणी करणाऱ्या आपल्या अनेक भगिनींच्या गालांवर, कपाळावर हे तपकिरी डाग दिसतात. तेव्हा या समजुतीत खरे किती, ते आपण तपासून पाहू.

वांग हा मळ नव्हे, की पूर्वकर्माचे फळ नव्हे. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य काही भागांत जास्त तयार होते, इतकेच. ऊन, गरोदरपण, काही गर्भनिरोधक गोळ्या व आनुवंशिकता ही त्याची मुख्य कारणे. मेलॅनिन तयार होण्यास टायरोसिनेज नावाचे विकर लागते. ‘क’ जीवनसत्त्व या विकराचे काम मंदावते. त्यामुळे डाग हळूहळू फिकट होऊ शकतो. परंतु त्यासाठी त्वचेकरिता बनविलेले, साधारण १० ते २० टक्क्यांचे सीरम काही महिने नेमाने लावावे लागते. ते तपकिरी पडले, की त्याचा गुण गेला असे समजावे.

लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास मात्र त्वचा भाजते, फोड येतात आणि डाग अधिकच काळे पडतात. लिंबू, आवळा, पेरू ही खाण्याची फळे. प्रौढ स्त्रीला रोज सुमारे ६५ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व लागते. एक पेरू ही गरज भागवतो. पण नुसते खाऊन वांग जात नाही.

सर्वांत मोठा धोका स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांचा. सुरुवातीला चेहरा उजळतो. पुढे कातडी पातळ होते, पुरळ व लव येते. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कधीही घेऊ नयेत.

खरा पाया उन्हापासून बचावाचा आहे. छत्री, डोक्या-तोंडावर दुपट्टा, शक्य असल्यास सनस्क्रीन. हे नसेल तर महागडे सीरमही वाया जाते.

केवळ ऐकीव आहे म्हणून काही मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. जाहिरातींनाही हीच कसोटी लावू या. आणि एक गोष्ट आपल्या मुलींना आवर्जून सांगू या: वांगावर उपचार जरूर करावा, पण सावळ्या रंगावर उपचार नसतो, कारण तो रोगच नव्हे. माणसाची किंमत जन्मावरून ठरत नाही, तशी ती कातडीवरूनही ठरत नाही.