‘युलिसिस’ हाती घेतलेल्या भाच्यास



तुझे पत्र पावले. जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ ही कादंबरी तू मोठ्या हौसेने विकत घेतलीस, तिच्या तिसऱ्या प्रकरणापर्यंत नेटाने आलास, आणि तेथे, डब्लिनच्या सँडिमाउंट किनाऱ्यावर एकट्याने फिरणाऱ्या स्टीफन डीडॅलसच्या विचारांचा माग काढता काढता अशी दमछाक झाली की पुस्तक मिटून ठेवावे लागले, हे वाचून मला नवल वाटले नाही. या ग्रंथाचे कितीतरी वाचक नेमके त्याच पुळणीवरून माघारी फिरलेले आहेत. मात्र पत्राच्या अखेरीस, हा ग्रंथ पंडितांचा असून दिवसभर बँकेत हिशेब तपासणाऱ्या माणसाचा त्यावर अधिकार नाही, असा जो निवाडा तू स्वतःविरुद्ध देऊन टाकला आहेस तो मला मुळीच मान्य नाही, आणि तो फिरवावा एवढ्याचसाठी हे लांब पत्र लिहावयास बसलो आहे.

ज्या गृहस्थाची ही कथा आहे तो कोण, हे आधी ध्यानात घे. लिओपोल्ड ब्लूम हा अडतीस वर्षांचा, ‘फ्रीमन्स जर्नल’ या वृत्तपत्रासाठी जाहिराती मिळवीत गावभर पायपीट करणारा मनुष्य आहे. त्याचा बाप हंगेरीतून आलेला ज्यू. त्यामुळे जन्माने डब्लिनकर असूनही त्या शहराने त्याला पुरते आपले मानलेले नाही. शिक्षण बेताचे, कुतूहल मात्र अपार. कादंबरीच्या उपान्त्य प्रकरणात, जेथे सारे निवेदन प्रश्नोत्तररूपाने चालते, तेथे अशी माहिती मिळते की जीवनातल्या बिकट प्रश्नांची उत्तरे सापडावीत म्हणून ब्लूमने शेक्सपिअरचे ग्रंथ अनेकदा उघडले, शब्दार्थांची टिपणे शेजारी ठेवून निवडक उतारे काळजीपूर्वक पुनःपुन्हा वाचले, आणि तरीही त्याचे समाधान अपुरेच राहिले. अनेक भाषांच्या शब्दांशी लीलया खेळणाऱ्या विद्वानाने आपल्या महाग्रंथाच्या मध्यभागी बसविला तो हा वाचक. मग तुझ्याकडे प्रवेशाचा परवाना कोण मागणार?

सामान्य वाचकाशी स्वतः ग्रंथकार कसा बोलत असे, याचाही दाखला उपलब्ध आहे, आणि तो मामा-भाच्यांच्या पत्रात यावा हे मला विशेष उचित वाटते. जोसेफिन मरी ही जॉइसची मामी. देश सोडून ट्रिएस्ट, झुरिक आणि पॅरिस या शहरांत राहून तो डब्लिनविषयी लिहीत असता, एखाद्या तपशिलाची खातरजमा करावयाची झाली की तो या मामीला पत्र पाठवी. १९२१ सालच्या अशाच एका पत्रात त्याने तिला विचारले आहे की एकल्स स्ट्रीटवरील सात नंबरच्या घराचे कठडे ओलांडून साधारण माणसाला खाली लोंबकळता येईल काय, आणि तेथून उडी टाकली तर इजा न होता पाय जमिनीला लागतील काय. किल्ली विसरलेल्या ब्लूमला मध्यरात्रीनंतर आपल्याच घरात असे शिरावयाचे होते, एवढ्यासाठी ही चौकशी. पुढे २ फेब्रुवारी १९२२ रोजी, लेखकाच्या चाळिसाव्या वाढदिवशी, पॅरिसमध्ये पुस्तकांचे दुकान चालविणाऱ्या सिल्व्हिया बीच या बाईंनी हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यातले पुष्कळसे आपणांस उमगत नाही असे मामीने कळविले, तेव्हा त्याने तिच्यापुढे टीकाग्रंथांची चळत ठेवली नाही. होमरची कथा सोप्या इंग्रजीत थोडक्यात सांगणारे चार्ल्स लँबचे छोटेसे पुस्तक घे, ते एका रात्रीत वाचून होईल, असे सांगितले. तुलाही पूर्वतयारी म्हणून याहून अधिक काही नको. एक वीर युद्धानंतर समुद्रावर वर्षानुवर्षे भटकून अखेर बायको-मुलाकडे परततो, हे सूत्र मनाशी असले की पुरे; होमरमधून घेतलेली प्रकरणांची जी नावे टीकाकार सर्रास वापरतात, ती तर मूळ ग्रंथात छापलेलीही नाहीत.

तेव्हा माझी सूचना अशी, की पहिली तीन प्रकरणे तूर्त बाजूला ठेव आणि चौथे उघड. याने काहीही बिघडत नाही, कारण तेथे ग्रंथातले घड्याळच पुन्हा मागे जाते. १६ जून १९०४, गुरुवार, सकाळचे आठ, ही पहिल्या प्रकरणात सँडिकोव्हच्या बुरुजावर स्टीफन उभा असतानाची वेळ. आणि तीच वेळ शहराच्या दुसऱ्या भागात ब्लूम बायकोच्या न्याहारीची तजवीज करीत असतानाची. थोड्या वेळाने सूर्यावर ढग येतो. तो ढग तिकडे स्टीफन पाहतो आणि इकडे रस्त्याने घरी परतणारा ब्लूमही पाहतो, आणि परस्परांच्या नकळत दोघांच्याही मनावर त्याची छाया पडते. चौथ्या प्रकरणापासून सहाव्यापर्यंत ब्लूमच्या सोबतीने चालून मग पहिल्याकडे वळलास, तर स्टीफनचा तो विद्वत्तेने काठोकाठ भरलेला, आईच्या मृत्यूने पोळलेला तरुण मेंदू तुला इतका दुरापास्त वाटणार नाही.

चौथ्या प्रकरणात घडते काय? ब्लूम मांजरीशी बोलतो. आपण तिच्या डोळ्यांना केवढे दिसत असू, याचा विचार करतो. खाटकाकडून मूत्रपिंड आणून तव्यावर टाकतो, आणि वर बायकोशी बोलत राहिल्याने ते करपते. टपालाने मुलीचे पत्र येते, आणि त्याच टपालाने बायकोलाही एक पत्र येते, जे ती उशीखाली सारते. ही त्याची बायको मॉली गायिका. तिच्या दौऱ्याची व्यवस्था पाहणारा बॉयलन दुपारी चारच्या सुमारास घरी येणार आहे, आणि तो कशासाठी येणार हे ब्लूमला ठाऊक आहे. त्यांचा मुलगा रूडी अवघ्या अकरा दिवसांचा होऊन वारला, त्याला दहा वर्षे उलटली, आणि तेव्हापासून पतिपत्नीमधले अंतर बुजलेले नाही. हे दुःख लेखक तुला बसवून सांगत नाही. दिवसभर ब्लूमचे मन त्या चारच्या ठोक्याभोवती घिरट्या घालते, जवळ आले की दचकून दुसऱ्याच विषयावर उडी मारते, आणि ती उडी जेथे जेथे दिसेल तेथे तेथे ही त्याची वेदना आहे हे तुझे तुलाच कळू लागते. मनातल्या विचारांचा ओघ जसाच्या तसा कागदावर उतरविण्याची ही रीत बा. सी. मर्ढेकरांनी १९४२ साली ‘रात्रीचा दिवस’मध्ये मराठीत आणली, तेव्हा आपल्या वाचकाला ती अगदीच परकी राहिलेली नाही.

आठव्या प्रकरणातला एक प्रसंग मात्र तू सावकाश वाचावास अशी माझी फार इच्छा आहे. दुपारी डेव्ही बर्नच्या मद्यगृहात चीजचे सँडविच आणि पेलाभर बर्गंडी एवढे भोजन करून ब्लूम बाहेर पडतो, तो डॉसन स्ट्रीटच्या कडेला एक आंधळा तरुण काठीने चाचपडत उभा. ब्लूम त्याला पलीकडे जावयाचे आहे काय असे विचारतो, कोपराला हलकेच हात लावून रस्ता ओलांडून देतो, आणि तेवढ्या वेळात त्याच्या मनात येते की या मुलाशी काहीतरी बोलावे, पण उपकार केल्याचा सूर त्यात लागू नये. मुलगा पुढे गेल्यावर ब्लूम तेथेच थांबत नाही. याला जग कसे लागत असेल हे जाणण्यासाठी तो रस्त्याने चालता चालता स्वतःचे केस आणि गाल बोटांनी चाचपतो, कोणी पाहत नाहीसे बघून सदऱ्यात हात घालून पोटाची कातडी चाचपतो. परदुःखाविषयी विश्वसाहित्यात पुष्कळ उदात्त लिहिले गेले आहे, परंतु दुसऱ्याचे दुःख स्वतःच्या बोटांच्या टोकांनी तपासून पाहणारा माणूस मला अन्यत्र क्वचितच भेटला. पुढे अकराव्या प्रकरणात, ऑर्मंड हॉटेलात गाणे चालू असता, दुरून काठीची टकटक ऐकू येऊ लागते; पियानोचे सूर जुळविणारा तोच आंधळा तरुण विसरलेले उपकरण नेण्यास परत येत असतो. ज्याने डॉसन स्ट्रीटवर त्याचा कोपर धरलेला पाहिला आहे, त्याला ती टकटक कोणत्याही भाष्यावाचून कळते.

या ग्रंथाची जी खरी गोडी आहे ती अशी उशिरा पिकते, म्हणून पानोपानी अर्थाची वसुली करू नकोस. पाचव्या प्रकरणात बँटम लायन्स नावाचा एक घोड्यांच्या शर्यतींचा नादी ब्लूमचे वर्तमानपत्र मागतो. ब्लूम म्हणतो, घे, मी हे फेकूनच देणार होतो. आणि तो गृहस्थ एकदम डोळे विस्फारून निघून जातो. का, ते त्या पानावर कळत नाही. पुढे ध्यानात येते की ‘थ्रोअवे’, म्हणजे ‘फेकून दे’, नावाचा घोडा त्या दिवशी अस्कॉटच्या सुवर्णचषकासाठी धावणार होता आणि ब्लूमने गुप्त बातमी दिली असा लायन्सचा समज झाला. तो घोडा वीसास एक या भावाने खरोखरच जिंकला, हा इतिहास आहे. आता बाराव्या प्रकरणात ये. मद्यगृहातल्या टोळक्याची खात्री झालेली आहे की ब्लूमने घसघशीत पैसे मिळविले आणि कोणाला एक पेलाही पाजला नाही. वस्तुतः तो आलेला असतो सकाळी पुरलेल्या डिग्नमच्या विधवेच्या विम्याच्या कामासाठी, आणि तिच्या मुलांसाठीच्या वर्गणीत त्याने पाच शिलिंग निमूटपणे मांडलेले असतात. त्याच्या ज्यू असण्यावरून शिव्याशाप सुरू होतात. तुझे राष्ट्र कोणते असे त्याला दरडावून विचारले जाते, आणि तो सांगतो की आयर्लंड, मी येथेच जन्मलो. ते प्रकरण मी प्रत्येक वेळी संतापाने आणि अभिमानाने वाचतो.

आणि एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. १९०४ चे डब्लिन हे पारतंत्र्यातले शहर होते. दहाव्या प्रकरणात एकोणीस तुकड्यांतून शहराची एक दुपार उभी राहते, आणि शेवटच्या तुकड्यात व्हाइसरॉयची स्वारी रस्त्यांवरून जाते. कोण टोपी काढतो, कोण नुसता पाहतो, कोणाचे लक्षच नसते, याची बारकाईने नोंद होते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी लाटसाहेबाची स्वारी पाहिली आणि त्याच साहेबाची भाषा शिकून त्याच्याच कचेरीत कारकुनी केली, त्या मराठी वाचकाला ही पाने लंडनच्या वाचकापेक्षा अधिक जवळची वाटावीत.

काही प्रकरणे पहिल्या वाचनात भरभर ओलांडलीस तरी हरकत नाही. चौदावे प्रकरण, ज्यात प्रसूतिगृहातली एक रात्र इंग्रजी गद्याच्या जन्मापासूनच्या एकेका शैलीत सांगितली आहे, ते माझ्या मते पहिल्या खेपेस देते त्याहून मागते फार. तेथे एवढेच पाहा की तीन दिवस वेणा सोसणाऱ्या ओळखीच्या बाईची विचारपूस करण्यास एकटा ब्लूम आलेला आहे. टीकाग्रंथ अवश्य आहेत, त्यांत ब्रह्मदेशात न्यायाधीशाची नोकरी केलेल्या स्टुअर्ट गिल्बर्टचा १९३० सालचा ग्रंथ जॉइसच्या साहाय्याने सिद्ध झालेला; पण तो दुसऱ्या वाचनासाठी राखून ठेव. अश्लीलतेच्या आरोपाचेही मनावर घेऊ नकोस. अमेरिकेत या ग्रंथास मनाई होती. १९३३ च्या डिसेंबरात न्यायमूर्ती वूल्झी यांनी तो समग्र वाचून मनाई उठविली. शरीराचे सारे व्यवहार येथे आहेत, कारण दिवसभराच्या माणसातून ते वगळता येत नाहीत.

डोळ्यांनी अडलास की मोठ्याने वाच. जॉइस स्वतः गायक होता. १९०४ मध्येच डब्लिनच्या संगीतस्पर्धेत त्याला कांस्यपदक मिळाले होते, आणि त्याची वाक्ये कानासाठी रचलेली आहेत. आयर्लंडच्या नभोवाणीने १९८२ साली, त्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, समग्र ग्रंथाचे जवळजवळ तीस तासांचे नाट्यवाचन प्रसारित केले. ते मिळवून ऐक. मॉलीचे शेवटचे प्रकरण आठच वाक्यांचे आणि बहुतेक विरामचिन्हांवाचूनचे असल्याने लोक त्याला भितात, पण ऐकताना ते साऱ्या उत्तरार्धात सर्वांत सोपे आहे: पहाटेच्या अंधारात जागी पडलेली एक बाई आपल्या नवऱ्याची उणीदुणी काढीत काढीत त्याच्याकडेच परत येते.

येत्या रविवारी सकाळी चहा झाल्यावर चौथे प्रकरण उघड आणि खोलीत कोणी नसेल तर मोठ्याने वाच. वाचून होताच ब्लूम तुला कसा माणूस वाटला एवढे मला कळव. न कळलेल्या ओळींची यादी पाठवू नकोस.

तुझा,
मामा