क्रोन्स व्याधीतील औषधबदल : वैद्य व औषधविक्रेते यांची भूमिका

ग्रहणीचा रुग्ण म्हणून आपल्याकडे येणाऱ्यांपैकी काहींच्या हातात आता एक जाड फाईल असते. तीत कोलोनोस्कोपीचा अहवाल असतो, बायोप्सीचा निष्कर्ष असतो आणि त्यावर ‘क्रोन्स’ हे नाव लिहिलेले असते. हा रुग्ण आजारी दिसतोच असे नाही. पुष्कळदा तो नोकरी करीत असतो, संसार सांभाळीत असतो आणि बऱ्यापैकी सुखातही असतो. त्याची अडचण निराळी असते. चालू असलेले औषध बदलण्यास त्याला सांगितलेले असते, किंवा ते सोडण्याची इच्छा त्याच्या मनात उत्पन्न झालेली असते. ‘आता बरे वाटते आहे, मग आयुर्वेदावरच राहता येणार नाही का?’ हा त्याचा प्रश्न. या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

व्याधिपरिचय

१९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग व ओपेनहायमर या तिघांनी लहान आतड्याच्या अंतिम भागातील शोथाचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे त्यांपैकी क्रोन यांचेच नाव व्याधीस चिकटले. हा शोथ मुखापासून गुदापर्यंत महास्रोतसात कोठेही उद्भवू शकतो. मध्येच निरोगी भाग सोडून तो तुकड्या-तुकड्यांनी पसरतो आणि आतड्याच्या भिंतीचे सर्व थर व्यापतो. त्यामुळेच मार्गसंकोच, विद्रधी व नाडीव्रण हे उपद्रव संभवतात.

आपल्या परिभाषेत या व्याधीस एकच नाव देता येत नाही. कोणात ग्रहणी दिसते, कोणात सरक्त अतिसार, कोणात उजव्या कुक्षीत गुल्मवत गाठ, तर कोणात प्रथम भगंदरच समोर येतो. व्याधीला नाव देता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये, दोष, अधिष्ठान व हेतू जाणून चिकित्सा करावी, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे. ते येथे नेमके लागू पडते. मात्र एक भेद करणे अनिवार्य आहे. आपल्या देशात आतड्याचा क्षयरोग हुबेहूब असेच रूप घेतो. क्षयाची शंका फिटल्याशिवाय शोथ दडपणारे कोणतेही औषध सुरू होणे धोक्याचे असते.

एक जुनी चूक

सुमारे वीस वर्षांपूर्वीची एक घटना आम्ही आजही विसरलो नाही. एक मध्यमवयीन रुग्ण प्रेडनिसोलोन घेत असताना आमच्याकडे आला. आम्ही पर्पटी व तक्राची योजना केली. तीन आठवड्यांत त्याचे मलवेग कमी झाले, अन्न रुचू लागले. त्याचे श्रेय आम्ही मनातल्या मनात पर्पटीला देत होतो. रुग्णाने मात्र ‘आता गरज उरली नाही’ असे स्वतःच ठरवून स्टिरॉइडच्या गोळ्या एका दिवसात बंद केल्या. पाचव्या दिवशी वमन, अत्यंत दौर्बल्य व घसरलेला रक्तदाब या अवस्थेत त्यास रुग्णालयात हलवावे लागले. दीर्घकाळ बाहेरून स्टिरॉइड मिळाल्याने अधिवृक्क ग्रंथींनी आपले काम थांबविले होते, आणि बाहेरचा आधारही अकस्मात सुटला होता. रुग्ण वाचला. त्याने गोळ्या बंद केल्या ही त्याची चूक म्हणता येईल, परंतु प्रत्येक भेटीत ‘पूर्वीचे औषध चालू आहे ना?’ एवढे न विचारणे ही चूक आमची होती.

सर्व औषधे एकाच क्रमाने सुटत नाहीत

अहितकर पण अंगवळणी पडलेली गोष्ट एकदम न सोडता चतुर्थांशाने कमी करीत जावी, हा चरकोक्त पादांशिक क्रम आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. औषध सोडण्याच्या प्रश्नावर आपण सहजच त्याचा आधार घेतो. परंतु क्रोन्सच्या औषधांना हा एकच नियम सरसकट लावता येत नाही. येथे तीन गट ध्यानी घ्यावे लागतात.

पहिला गट स्टिरॉइडचा. येथे पादांशिक क्रमाचे तत्त्व पूर्णतः लागू आहे. साधारणतः दररोज ४० मि.ग्रॅ. प्रेडनिसोलोनपासून आरंभ करून दर आठवड्यास ५ मि.ग्रॅ. कमी करण्याची पद्धत रूढ आहे. ही औषधे वेग शमवितात, पण व्याधीला दीर्घकाळ ताब्यात ठेवण्यास योग्य नव्हेत. अस्थिक्षय, मधुमेह व मोतीबिंदू ही त्यांची किंमत असते. म्हणून ‘स्टिरॉइड सुटावे’ ही रुग्णाची इच्छा रास्तच आहे. प्रश्न केवळ सोडण्याच्या गतीचा आहे, आणि ती गती मूळ चिकित्सकानेच ठरवावी.

दुसरा गट अझाथायोप्रीनसारख्या औषधांचा. यांचा गुण येण्यास दोन ते चार महिने लागतात. त्यामुळे महिनाभरात ‘उपयोग नाही’ असा निर्णय घेणे अकाली ठरते. येथे गती ठरविण्याचे साधन रक्तपरीक्षण हे होय. श्वेतकणांची संख्या व यकृताची स्थिती नियमित पाहावी लागते. आशियाई लोकांत आढळणाऱ्या काही आनुवंशिक भेदांमुळे अल्प मात्रेतही श्वेतकण वेगाने घटू शकतात. ज्वर, घसादुखी वा मुखपाक झाल्यास तो पित्तप्रकोप समजून शमन देत बसू नये, त्याच दिवशी रक्त तपासावे.

तिसरा गट जैविक व तत्सम नव्या औषधांचा. इन्फ्लिक्सिमॅबला अमेरिकेत क्रोन्ससाठी मान्यता मिळाली ती १९९८ साली. पुढे अडालिमुमॅब आले. भारतीय बनावटीचे अडालिमुमॅब २०१४ च्या अखेरीस बाजारात आल्यावर खर्च उतरला. त्यानंतर व्हेडोलिझुमॅब, उस्टेकिनुमॅब व २०२३ पासून उपाडासिटिनिबची गोळी अशी भर पडत गेली आहे. या गटात, विशेषतः इन्फ्लिक्सिमॅबच्या बाबतीत, पादांशिक क्रम उलटा पडतो. मात्रा अर्धी केली, दोन मात्रांतील अंतर मनाने वाढविले किंवा मध्येच थांबून काही महिन्यांनी पुन्हा आरंभ केला, तर शरीर त्या औषधाविरुद्ध प्रतिद्रव्ये निर्माण करते. मग तेच औषध पुन्हा लागू पडत नाही, प्रसंगी त्याची तीव्र प्रतिक्रिया येते. पैशाच्या ओढीने ‘यावेळची सलाईन पुढच्या महिन्यात घेऊ’ असे म्हणणाऱ्या रुग्णास हे स्पष्ट सांगितले पाहिजे. हाताशी असलेला एक उपाय तो कायमचा गमावू शकतो.

बरे वाटणे आणि बरे होणे

फ्रान्स व बेल्जियममध्ये झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, किमान एक वर्ष औषधे घेतलेल्या व त्यांवर स्वस्थ असलेल्या ११५ रुग्णांचे इन्फ्लिक्सिमॅब थांबविले गेले. अझाथायोप्रीनसारखे दुसरे औषध चालूच होते, तरीही वर्षभरात सुमारे ४४ टक्के रुग्णांत व्याधी उलटला. पुन्हा औषध दिल्यावर त्यांपैकी बहुसंख्य सावरले, ही समाधानाची बाब. यातून दोन गोष्टी कळतात. औषध थांबविणे हा निषिद्ध विचार नव्हे, कारण निम्म्याहून अधिक जण वर्षभर निभावले. पण ही गोष्ट तपासण्यांच्या पहाऱ्यातच व्हावी, रुग्णाच्या उत्साहावर किंवा आपल्या आत्मविश्वासावर नव्हे.

लक्षणे शमली तरी आतला शोथ धुमसत असू शकतो. मलातील कॅलप्रोटेक्टिन व रक्तातील सी.आर.पी. यांवरून त्याचा अंदाज येतो. आपल्या उपशयाची परीक्षाही या कसोट्यांवर होऊ द्यावी. त्यात आपला कमीपणा मुळीच नाही.

आपली द्रव्ये : कोठे सावध राहावे

जोडीने चिकित्सा करताना पुढील बाबी आम्ही कटाक्षाने पाळतो. यष्टीमधू स्टिरॉइडबरोबर दीर्घकाळ देत नाही. त्यातील ग्लिसिरायझिनमुळे पोटॅशियम घटते, रक्तदाब व शोथ वाढतो, आणि हेच दोष स्टिरॉइडचेही आहेत. मार्गसंकोच असलेल्या रुग्णास इसबगोल देत नाही, कारण अरुंद जागी फुगलेला इसबगोल अवरोध निर्माण करू शकतो. अशा रुग्णास व वेगावस्थेत विरेचनही वर्ज्य मानतो. त्रिकटूतील मरिच व पिंपळी यांतील पिपेरीन अनेक औषधांचे शोषण वाढविते, हे ध्यानी ठेवतो. गुडूचीसारखी द्रव्ये रसायन म्हणून देण्याचा मोह आवरतो. प्रतिकारशक्ती दडपण्याचीच चिकित्सा चालू असताना ती चेतविणारे द्रव्य देण्यात विसंगती आहे, शिवाय गुडूचीनंतर यकृतशोथ झाल्याची वृत्ते २०२१ पासून प्रसिद्ध झाली आहेत. पारदयुक्त कल्प या रुग्णांत आम्ही आता योजीत नाही. भगंदरावर क्षारसूत्र बांधण्यापूर्वी एम.आर.आय. करून मार्ग पाहावा, आणि आतड्याचा शोथ आटोक्यात असल्याची खात्री करून घ्यावी.

मग आपल्याकडे उरते काय? पुष्कळ काही उरते. अग्नीचा विचार, काल व मात्रा पाहून आहार, वेगावस्थेनंतर पेयादी क्रमाने अन्नाची पुनर्योजना, निद्रा, मनःस्वास्थ्य आणि निदानपरिवर्जन. धूम्रपान सोडविणे हे या व्याधीत औषधाच्या तोलाचे कार्य आहे. सांधेदुखीवर घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या सोडविणेही तितकेच मोलाचे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

औषधबदलाचा काळ हा दुकानातील गल्ल्यावरही जोखमीचा असतो. मेथोट्रेक्सेट या व्याधीत आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चिठ्ठीवर ‘रोज’ असे वाचले गेल्यास प्राणावर बेतते. म्हणून वार विचारून तो पाकिटावर ठळक लिहावा. अझाथायोप्रीन घेणाऱ्यास युरिक आम्लासाठी अ‍ॅलोप्युरिनॉल लिहून आले असेल, तर ते देण्यापूर्वी दोन्ही चिकित्सकांना दूरध्वनी करावा. हा संयोग अस्थिमज्जेस घातक ठरू शकतो. अडालिमुमॅबची इंजेक्शने २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावीत, पण गोठू देऊ नयेत. बर्फाच्या खणाला चिकटलेली पेटी परत पाठवावी. एका बनावटीऐवजी दुसरी बनावट मूळ चिकित्सकास न विचारता देऊ नये. जुन्या चिठ्ठीवर प्रेडनिसोलोन देत राहू नये. आणि रुग्ण नेहमीची गोळी नेण्यास आला नाही, तर तो बरा झाला असेलच असे गृहीत न धरता विचारणा करावी.

रुग्णवृत्त

सहकारी बँकेत काम करणारी ३६ वर्षांची एक स्त्री चार वर्षे अझाथायोप्रीनवर स्वस्थ होती. आळंदी ते पुणे हा पालखीचा टप्पा ती दरवर्षी चालत असे. श्वेतकण घटल्याने मात्रा कमी करावी लागली आणि लक्षणे परतली. तज्ज्ञांनी अडालिमुमॅब सुचविले. ती आमच्याकडे आली व म्हणाली, ‘डॉक्टर, इंजेक्शन म्हणजे मी हरलेच ना? तुमचेच औषध द्या.’

आम्ही तिला दोन गोष्टी सांगितल्या. औषध बदलणे म्हणजे हरणे नव्हे. ऋतू पालटला की आहारविहार पालटतो, तसेच हे आहे. आणि आम्ही सोबत राहू, पण जागा घेणार नाही. त्यानंतर आमच्या सर्व द्रव्यांची यादी करून ती तज्ज्ञांना पत्राने कळविली. इंजेक्शनपूर्व तपासणीत सुप्त क्षयसंसर्ग आढळला, म्हणून प्रथम त्याची प्रतिबंधक चिकित्सा सुरू झाली. ती औषधे यकृतावर भार टाकतात, यास्तव त्या काळात आम्ही पोटातून एकही कल्प दिला नाही. केवळ आहार, तक्र व विश्रांती यांचीच योजना केली. आधी औषध देऊन श्रेय घेण्याची घाई केली होती, आता न देण्याची शिस्त पाळली.

पुढे अडालिमुमॅब सुरू झाल्यावर एक नियम ठरविला : एका वेळी एकच बदल. नव्या औषधाचा परिणाम स्पष्ट होईपर्यंत तीन महिने आम्ही नवे काही जोडले नाही. त्यानंतर मंदाग्नीसाठी सौम्य योजना केली, तीही तज्ज्ञांना कळवून. वर्षभराने तिचे कॅलप्रोटेक्टिन समाधानकारक होते. आषाढी वारीत आळंदीचा टप्पा तिने पुन्हा चालून पूर्ण केला. हे यश कोणत्या शास्त्राचे, असा प्रश्न तिला पडला नाही. आम्हालाही पडू नये.

उपसंहार

असा रुग्ण आल्यावर वैद्याने चार गोष्टी अवश्य कराव्यात. चालू असलेल्या प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा व शेवटची मात्रा घेतल्याचा दिनांक नोंदवावा. हे प्रत्येक भेटीत पुन्हा विचारावे. आपली योजना मूळ चिकित्सकास लिहून कळवावी. आणि रक्तस्राव, ज्वर, सततचे वमन वा तीव्र उदरशूल दिसताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. स्वस्थ रुग्णाचे स्वास्थ्य राखणे हे आपल्या शास्त्राचे पहिले प्रयोजन आहे. क्रोन्सचा जो रुग्ण दुसऱ्या शास्त्राच्या औषधांवर स्वस्थ आहे, त्याच्याही बाबतीत ते प्रयोजन बदलत नाही.