भीमाशंकरच्या झाडांना खत कोण घालतं?

प्रश्न : चाकण एमआयडीसीत आमच्या कंपनीच्या आवारात करंज, जांभूळ लावलेत. शेणखत, डीएपी, ठिबक सगळं आहे, तरी रोपं खुरटलेलीच. भीमाशंकरला मात्र कातळावर जांभूळ-अंजनी माजलेली असते. कंत्राटदार म्हणतो, मुळांना बुरशीची पावडर लावा. बुरशीने मुळं कुजतात ना?
— एक वाचक, चाकण

उत्तर : कुजवणारी बुरशी वेगळी, ही वेगळी. मूळ आणि बुरशी यांच्या या जोडीला जर्मनीच्या आल्बर्ट फ्रांक यांनी १८८५मध्ये मायकोरायझा हे नाव दिलं. जांभळाचं कोवळं मूळ पोटॅशमध्ये उकळून, ट्रिपॅन ब्लूने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, की पेशीच्या आत बारीक फांद्या फुटलेलं निळं झुडूप दिसतं. सौदा तिथेच होतो : झाड साखर देतं, बुरशी स्फुरद.

पाकिटावर काहीही छापलेलं असो, बुरशी स्फुरद तयार करत नाही. तो मातीत असतोच; पण तांबड्या मातीत लोह-ॲल्युमिनियमला आणि काळ्या मातीत चुन्याला धरून बसतो, जागचा हलत नाही. मुळाने अगदी लगतचा उचलला की संपलं. बुरशीचा तंतू मुळापेक्षा कितीतरी बारीक. मूळ शिरू शकत नाही अशा फटींत तो शिरतो आणि काही सेंटिमीटरवरून माल आणतो.

सगळ्या जंगलांत मात्र हिशेब सारखा नाही. पाइनच्या किंवा साल वृक्षाच्या मुळांवर दुसऱ्या गटाची बुरशी असते, ती मुळाला बाहेरून वेढते. न्यूझीलंडमध्ये रूथ आणि पी. डी. गाडगीळ यांनी (आडनाव वाचून पुणेकर कान टवकारतीलच) पाइनच्या लागवडीत चर खणून जमिनीचे काही तुकडे मुळांपासून, म्हणजेच या बुरशीपासून, तोडले. तिथला पाचोळा उलट लवकर कुजला! १९७१मध्ये 'नेचर'मध्ये हे छापून आलं. ही बुरशी पाचोळ्यातल्या पोषणावर आधीच हात मारते आणि कुजवणाऱ्या जीवांना उपाशी ठेवते, असा त्यांचा तर्क. पुढे काही जंगलांत तसं दिसलं, काहींत नाही. सह्याद्रीत बहुतेक झाडांत जांभळातल्याच गटाची बुरशी. शिवाय हवा उबदार, दमट. पाचोळा फार साठत नाही, त्यातलं नत्र-स्फुरद फिरतं राहतं.

आता तुमचं आवार. प्लॉट सपाट करताना वरची माती पोकलेनने गेली आणि मुरूम पडला असणार. या बुरशीचे बीजाणू मातीतच वाढतात, भूछत्रांच्या बीजाणूंसारखे वाऱ्यावर सहज पसरत नाहीत. गेलेली बुरशी लवकर परतत नाही. गंमत म्हणजे चाकणचं नाव ज्या कांद्याने झालं, तो याच बुरशीवर फार विसंबतो, कारण त्याची मुळं विरळ आणि मूळकेस नावालाच. कुंपणापलीकडे कांद्याचं रान उरलं असेल, तर शेतकऱ्याला विचारून बांधावरच्या जुन्या झाडाखालची, बारीक मुळांसकट माती आणा आणि ओंजळभर प्रत्येक रोपाच्या मुळाशी घाला. तीच बुरशी जांभळालाही चालते. भीमाशंकरहून मात्र चिमूटभरही उचलू नका, ते अभयारण्य आहे.

डीएपी थांबवा. स्फुरद आयता मिळू लागला की झाड बुरशीचा खुराक तोडतं. पावडर घेतलीच तर मुळाला लागेल अशी घाला, वरून भुरभुरवून उपयोग नाही. आणि मुरूम रोलरने दाबलेला असेल, तर आधी खड्डे मोठे करून घ्या. ते काम कुठलीच बुरशी करणार नाही.