विमान उतरताना बाळ का रडते?

बाळंतपणाला माहेरी आलेली लेक दोन-तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन विमानाने परत जाते, हे आता तालुक्याच्या गावीही नवलाचे राहिलेले नाही. निघण्याआधी घरची मंडळी दवाखान्यात येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, बाळ विमानात रडू नये म्हणून झोपेचे थोडे औषध द्या." या मागणीला माझे उत्तर नेहमी 'नाही' असेच असते. ते का, हे समजण्यासाठी आधी रडण्याचे कारण पाहू.

महाबळेश्वर सुमारे ४,५०० फूट उंचीवर आहे. तेथून घाट उतरताना आपल्या कानांना दडे बसतात. उडत्या विमानाच्या आत हवेचा दाब साधारणपणे ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तितका ठेवलेला असतो. विमान उतरू लागले की हा दाब वाढतो आणि कानाचा पडदा आत ओढला जातो. मध्यकर्णाला घशाशी जोडणारी एक बारीक नळी असते. गिळताना ती उघडते, हवा आत जाते व दाब सारखा होतो. आपण आवंढा गिळतो, जांभई देतो. तान्ह्या बाळाला हे सांगून कळत नाही. शिवाय त्याची नळी अरुंद व आडवी असते. म्हणून कान दुखतो आणि बाळ रडते.

यावरचा उपाय आईजवळच आहे. विमान वर चढताना आणि विशेषतः खाली उतरताना बाळाला अंगावर पाजावे. वरचे दूध असेल तर डोके उंच धरून पाजावे. उतरण्याची सुरुवात जमिनीला टेकण्याच्या सुमारे अर्धा तास आधी होते. तेव्हा बाळ भुकेले असेल अशा बेताने आधीचे पाजणे ठरवावे. झोपले असल्यास हळूच उठवावे, कारण झोपेत गिळणे कमी होते. बाळासाठी मिळणारा पट्टा लावूनच पाजावे. विमानातील हवा कोरडी असते, म्हणून वारंवार पाजावे. मात्र सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरचे पाणी देऊ नये.

आता झोपेच्या औषधाविषयी. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनी झोप येते, म्हणून ती देण्याचा मोह होतो. पण तान्ह्या बाळाचा श्वास त्यामुळे मंदावू शकतो. काही बाळे उलट अधिकच चिडचिडी होतात. क्लोरफेनिरामाइन व फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण असलेली औषधे चार वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, अशी सूचना केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिली आहे. घुटीत जायफळ जास्त उगाळून घालणेही धोक्याचे आहे आणि अफूचे नावही काढू नये. गुंगीतले बाळ गिळत नाही, म्हणजे ज्या कानासाठी हा खटाटोप, त्याचीच सुटका होत नाही. कानात तेल घालून किंवा कापूस कोंबून आतला दाब बदलत नाही. ते करू नये.

सर्दीने ही नळी सुजते. नाक चोंदले असल्यास पाजण्याआधी नाकात सलाइनचे थेंब घालावेत. मोठ्या माणसांचे नाकाचे थेंब बाळाला वापरू नयेत. ताप असेल, कान वाहत असेल, किंवा बाळाला दूध ओढता येत नसेल इतकी सर्दी असेल, तर डॉक्टरांना दाखवावे आणि शक्य असल्यास प्रवास पुढे ढकलावा. अपुऱ्या दिवसांचे बाळ, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेले बाळ यांच्याबाबत तिकीट काढण्यापूर्वीच बालरोगतज्ज्ञांना विचारावे. निरोगी बाळही काही आठवड्यांचे झाल्यावर नेणे बरे. किती दिवसांच्या बाळाला विमानात घेतात, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. तेही आधी विचारून घ्यावे.

उतरल्यावर बहुतेक बाळे थोड्या वेळात शांत होतात. मात्र रडे थांबत नसेल, बाळ पीत नसेल, ताप आला किंवा कानातून पाणी अथवा रक्त आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. आणि शेजारच्या प्रवाशांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. रडतानाही बाळ मध्येमध्ये आवंढा गिळते व त्याचा कान मोकळा होतो. त्या रडण्याला घाबरून औषधाची बाटली मात्र उघडू नये.