भूछत्रांचा पाठ : शिकवावे काय आणि टाळावे काय
(परिसर अभ्यास, इयत्ता ४ थी व ५ वी)



भाद्रपद सरत येतो, पावसाच्या धारा विरळ होतात, मधूनच ऊन पडू लागते आणि आपली राने एका निराळ्याच पिकाने भरून जातात. कुजलेल्या ओंडक्यांवर, पालापाचोळ्यात, वारुळांच्या अंगावर, गायरानाच्या गवतात रातोरात छत्र्या उभ्या राहतात. कोणी त्यांना भूछत्र म्हणतो, कोणी अळंबी. खाण्यास निरुपयोगी असेल तिला कुत्र्याची छत्री म्हणून मोकळा होतो. मुले शाळेच्या वाटेवर त्या पाहतात, लाथेने उडवितात, कधी दप्तरात घालून वर्गात आणतात. पाठाचे साहित्य असे आपल्या पायांनी चालत येत असता शिक्षकाने त्याकडे पाठ फिरविणे बरे नव्हे. परंतु हा पाठ इतर पाठांसारखा नाही. येथे चुकीचे एक वाक्य एखाद्या घरावर संकट आणू शकते.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका डोंगराळ गावी नवा शिक्षक होतो. भूछत्रांचा पाठ घेताना मी मोठ्या आत्मविश्वासाने फळ्यावर लिहिले, ‘किड्यांनी खाल्लेली अळंबी विषारी नसते.’ कोठेतरी ऐकलेले ते वाक्य मी पडताळून पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी वर्गातील एका मुलाने मैदानाच्या कडेची पांढरी शुभ्र, किड्यांनी कुरतडलेली छत्रे घरी नेली. त्याची आजी त्या दिवशी परगावी गेली होती. आईने शंका काढली, तेव्हा मुलगा म्हणाला, “गुरुजींनी सांगितलंय.” एवढे शब्द पुरेसे झाले. तीन तासांत घरातील चौघांना उलट्या व जुलाब सुरू झाले. रात्री बैलगाडीतून त्यांना दवाखान्यात न्यावे लागले. सुदैवाने सर्व बचावले.

मी भेटावयास गेलो, तेव्हा आजी परतली होती. तिने मला दोष दिला नाही. एवढेच म्हणाली, “गुरुजी, पोरांना खूण नका सांगू. अळंबी खुणेनं कळत न्हाई, रोजच्या पाहण्यानं कळते. ठाव ठाऊक नसंल, तर हात लावू नये.” विस्तार अधिकारी म्हणून आज शाळाशाळांतून हिंडताना तेच खोटे वाक्य मी अजूनही फळ्यावर पाहतो. म्हणून हे टाचण.

पाठाचा उद्देश

भूछत्र ही काय वस्तू आहे, ती कशी जगते आणि रानात तिचे काम काय, हे मुलांना कळावे. आणि ओळखीच्या जाणत्या माणसावाचून रानची अळंबी खाऊ नये, हा नियम त्यांच्या अंगवळणी पडावा. खाण्याजोगी अळंबी ओळखण्यास शिकविणे हा या पाठाचा उद्देश नाही, हे शिक्षकाने प्रथम स्वतःस बजावावे.

पूर्वतयारी व साहित्य

पाठापूर्वी चार-पाच दिवस भाकरीचा ओला तुकडा झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवावा. त्यावर बुरशी धरेल. बरणी मुलांना बाहेरूनच दाखवावी व नंतर न उघडता पुरून टाकावी. याखेरीज एक काळी पाटी, पांढरा कागद, एक वाडगा आणि बाजारातील धिंगरी अळंबी जवळ ठेवावी. धिंगरी न मिळाल्यास शिक्षकाने स्वतः एखादे भूछत्र सुरीने कापून आणावे. ते मुलांच्या हाती देऊ नये.

प्रस्तावना

बरणी दाखवून विचारावे : भाकरीवर हे काय उगवले? त्याचे बी कोणी पेरले? झाड आपले अन्न कशाने तयार करते? भूछत्राला हिरवे पान आहे का? मग ते जेवते काय? या शेवटच्या प्रश्नाशी वर्ग थबकेल. पाठाची सुरुवात तेथूनच करावी.

विषयविवेचन

भूछत्र ही वनस्पती नव्हे. आपण शिकलो त्या काळी अनेक पुस्तकांत तिला ‘हरितद्रव्य नसलेली वनस्पती’ म्हटलेले असे. परंतु व्हिटेकर या शास्त्रज्ञाने १९६९ साली सजीवांची पाच सृष्टींत विभागणी केली व कवकांना स्वतंत्र सृष्टी दिली. कवकांच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते. खेकड्याच्या कवचात आणि किड्यांच्या अंगावरील कठीण आवरणातही तेच असते. कवक सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करू शकत नाही. ते पाचक रस बाहेर सोडते आणि विरघळलेले अन्न शोषून घेते.

मुलांना समजेल असा दृष्टान्त द्यावा. आंबा म्हणजे आंब्याचे झाड नव्हे. तो त्या झाडाचे फळ. त्याचप्रमाणे छत्री हे केवळ फळ होय. खरे कवक मातीत किंवा लाकडात पांढऱ्या, सुतासारख्या तंतूंच्या जाळ्याच्या रूपाने वर्षभर दडून असते. कुजका पाला उचलून ते जाळे दाखवावे. ओल व ऊब यांचा मेळ जमला म्हणजे ते छत्र्या वर काढते. छत्रीचा सुमारे नऊ दशांश भाग पाणीच असल्यामुळे ती एका रात्रीत फुगून उभी राहते.

छत्रीच्या खालच्या अंगास पापुद्रे असतात. त्यांवर बीजाणू तयार होतात. ते पाहण्याचा प्रयोग सोपा आहे. देठ काढून छत्र पापुद्रे खाली करून पाटीवर ठेवावे, वर वाडगा झाकावा. सकाळी वाडगा उचलला, की धिंगरीचे पांढरट ठसे पाटीवर उमटलेले दिसतील. गडद बीजाणूंसाठी पांढरा कागद घ्यावा. माझ्या पाहण्यात या क्षणाला वर्ग नेहमीच टाळ्या वाजवितो.

पुढे रानातील उपयोग सांगावा. पडलेली पाने व लाकूड कुजवून त्यांतील द्रव्ये मातीस परत देणे, हे कवकांचे मोठे काम होय. ती नसती तर रान आपल्याच काडीकचऱ्याखाली गाडले गेले असते. काही कवके जिवंत झाडांच्या मुळांशी भागीदारी करतात. झाडास पाणी व खनिजे मिळवून देतात आणि मोबदल्यात साखर घेतात. या भागीदारीला फ्रांक या शास्त्रज्ञाने १८८५ साली नाव दिले.

वारुळावरील अळंबीची गोष्ट मुलांना विशेष आवडते. काही जातींची वाळवी माणसाप्रमाणे शेती करते. खाल्लेले लाकूड व पाला यांच्या मळापासून ती वारुळात स्पंजासारखे वाफे रचते व त्यांवर कवक वाढविते. वाळवीस न पचणारे लाकूड कवक पचविते आणि तेच पुढे तिचे अन्न होते. पावसाळ्यात या बागेतून छत्र्या वर येतात. लांब मुळासारखा देठ खाली वाफ्यापर्यंत गेलेला असतो. गोव्यात व कोकणात हिला मोठी मागणी. परंतु धिंगरीसारखी हिची लागवड करता येत नाही. वारूळ खणले तर पुढील वर्षीचे पीकही गेले. म्हणून वारूळ मोडू नये आणि काही छत्र्या उमलून बीजाणू सांडेपर्यंत राहू द्याव्यात, हे मुलांस सांगावे.

खोट्या खुणा

पुढील समजुती फळ्यावर लिहून प्रत्येकीवर काट मारावी : किड्यांनी खाल्लेली अळंबी सुरक्षित; पांढरी अळंबी सुरक्षित; शिजवताना लसूण किंवा चांदी काळी पडली नाही तर विष नाही; उकळल्याने विष जाते. या सर्व खोट्या आहेत. जे विष माणसास बाधते, ते किड्यास बाधेलच असे नाही. गवतात उगवणारे एक मोठे पांढरे छत्र दिसावयास मोहक असते. पक्व झाल्यावर त्याचे पापुद्रे हिरवट होतात आणि खाणाऱ्यास काही तासांतच उलट्या होतात. त्या घरी आलेले छत्र बहुधा हेच असावे.

याहून भयंकर ते, जे उशिरा बाधते. युरोपात शरद ऋतूत ओकच्या झाडांखाली उगवणाऱ्या ‘अमानिटा फॅलॉइडिस’ या कवकाचे विष शिजवूनही जात नाही, वाळवूनही जात नाही. खाल्ल्यानंतर सहा ते चोवीस तासांनी त्रास सुरू होतो, मग एखादा दिवस रोग्यास बरे वाटते आणि पाठोपाठ यकृत निकामी होते. परदेशी स्थायिक झालेल्या आशियाई कुटुंबांनी मायदेशातील खाद्य अळंबी समजून हेच छत्र खाल्ले व प्राण गमावले. त्यांचे ज्ञान खोटे नव्हते. ते दुसऱ्या भूमीचे होते. आपल्याकडे आसाम-मेघालयातही रानअळंबीच्या विषाने माणसे वारंवार दगावली आहेत.

उपयोजन

गावातील जाणत्या आजीला किंवा आजोबांना वर्गात सन्मानाने बोलवावे. त्यांचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. शाळेने त्यास हसू नये आणि दोन ओळींत त्याचा नियमही बनवू नये. मुलांनी त्यांना विचारावे : कोणती अळंबी कोणत्या नक्षत्रात येते, पूर्वी किती येत असे, आता का कमी झाली?

कोणी अळंबी खाऊन आजारी पडल्यास घरगुती उपचारांत वेळ दवडू नये. रोग्यास ताबडतोब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उरलेली अळंबी सोबत न्यावी. आणि रोग्यास मधेच बरे वाटले तरी दवाखाना सोडू नये.

स्वाध्याय

१. घराजवळ दिसलेले एक भूछत्र न तोडता पाहा व चित्र काढा. ते कशावर उगवले होते, ते लिहा.
२. तेच भूछत्र तीन दिवस पाहून बदल नोंदवा.
३. घरातील वडीलधाऱ्यांकडून अळंबीची स्थानिक नावे गोळा करा.

ही नावे व मुलांची चित्रे येत्या शिक्षण परिषदेस अवश्य घेऊन यावीत. आणि पाठ संपताना मुलांकडून एक वाक्य मोठ्याने म्हणवून घ्यावे : ‘पाहू, चित्र काढू, विचारू, पण जाणत्याने सांगितल्यावाचून खाणार नाही.’ गुरुजींचा शब्द मुलांच्या तोंडून घराच्या चुलीपर्यंत पोहोचतो. तो खरा असावा, एवढी काळजी आपण घेतली पाहिजे.