रेसिंग ड्रायव्हरला काय विचारावं?

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी पुण्याच्या एका व्यावसायिक रेसिंग ड्रायव्हरची मुलाखत घ्यायचं ठरलं आहे आणि प्रश्न काढायचं काम माझ्याकडे आलं आहे. आधीच्या मुलाखती चाळल्या, तर सगळीकडे तेच ते : सर्वांत जास्त वेग किती, भीती वाटते का, आवडती गाडी कोणती, तरुणांना काय संदेश द्याल? मला या खेळातलं फारसं कळत नाही आणि आमच्या भागात रेसिंगचा ट्रॅकही नाही. नवे प्रश्न कसे सुचतील?

— एक विद्यार्थिनी, संगमनेर

उत्तर : तुम्हाला जुने प्रश्न खटकले, हीच चांगली सुरुवात आहे. ते शिळे का वाटतात ते आधी पाहू. ते कुठल्याही ड्रायव्हरला विचारता येतात आणि त्यांची उत्तरं प्रत्येकाकडे तयार असतात. वेग विचारला की एक आकडा मिळतो. भीतीबद्दल विचारलं की ‘हेल्मेट घातलं की भीती पळते’ अशा धाटणीचं वाक्य मिळतं. संदेश मागितला की भाषण सुरू होतं. वाचकाच्या हाती नवं काही पडत नाही.

नवा प्रश्न दोन गोष्टी एकत्र आल्या की सुचतो. समोरच्या माणसाच्या कामातली एखादी बारीक कृती तुम्हाला समजलेली असावी आणि तुमच्या स्वतःच्या परिसरातलं काही ज्ञान तुमच्या गाठीशी असावं. पहिली गोष्ट आठवडाभराच्या वाचनाने साधते. दुसरी तुमच्याकडे आहेच, फक्त तिच्याकडे त्या नजरेने पाहायला हवं.

आधी काम समजून घ्या

सगळे रेसिंग ड्रायव्हर एकच काम करत नाहीत. बंदिस्त ट्रॅकवर पळणारा ड्रायव्हर तेच वळण शंभरदा घेतो आणि दर वेळी सेकंदाचा काही अंश वाचवायला बघतो. रॅलीचा ड्रायव्हर मातीच्या, जंगलाच्या, डोंगराच्या रस्त्यावर एकेकटा सुटतो आणि घड्याळाशी स्पर्धा करतो. शेजारचा सहचालक त्याला पुढचं वळण डावं की उजवं, किती तीव्र, त्यानंतर उतार की खड्डा, हे अखंड वाचून दाखवत असतो. या टिपणांना ‘पेस नोट्स’ म्हणतात. शर्यतीआधी दोघं त्या रस्त्यावरून हळू जाऊन त्या लिहितात. वळणाची तीव्रता बहुतेक वेळा आकड्यांत मांडलेली असते.

एवढं कळलं, तरी दोन चांगले प्रश्न हाती येतात : तुम्ही नोट्स कोणत्या भाषेत ऐकता, आणि त्यांत तुमचा स्वतःचा, दुसऱ्या कुणाला न कळणारा एखादा शब्द आहे का? मराठी घरात वाढलेल्या ड्रायव्हरला हे विचारून बघा.

ट्रॅकच्या ड्रायव्हरच्या बाबतीत ब्रेकपासून सुरुवात करा. वेगवान गाडी सरळ रस्त्यावर पळवणं तुलनेने सोपं असतं. कस लागतो तो ब्रेक किती उशिरा दाबायचा आणि वळणात शिरताना पाय किती हळू उचलायचा, यात. फॉर्म्युला वनमध्ये ब्रेकच्या पेडलवर शंभर किलोहून जास्त दाब द्यावा लागतो. वळणांवर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट जोर येतो, म्हणून हे ड्रायव्हर मानेचा खास व्यायाम करतात. उष्ण हवेतल्या एका शर्यतीत दोन-तीन किलो वजन घामावाटे जातं. तेव्हा ‘तुम्ही फिट कसे राहता?’ असं मोघम विचारण्याऐवजी ‘शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शरीराचा कोणता भाग सर्वांत जास्त दुखतो?’ असं विचारा. उत्तर खरं मिळेल.

एकच प्रसंग, दोन प्रश्न

नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरले. तिथे पोहोचलेले ते पहिले भारतीय. त्याच वर्षी १९ जूनला अमेरिकेत इंडियानापोलिसला विलक्षण शर्यत झाली. टायरच्या सुरक्षेबद्दल खात्री नसल्यामुळे मिशेलिनचे टायर वापरणाऱ्या चौदा गाड्या तयारीची फेरी संपवून थेट पिटमध्ये परतल्या आणि शर्यत उरलेल्या सहाच गाड्यांची झाली. नारायण चौथे आले आणि भारतीय ड्रायव्हरला फॉर्म्युला वनमध्ये पहिल्यांदा गुण मिळाले.

या प्रसंगावरचा नेहमीचा प्रश्न असा : ‘भारतासाठी पहिले गुण मिळवताना काय वाटलं?’ उत्तर अभिमानाचं येणार, हे विचारण्याआधीच माहीत आहे. आता दुसरा प्रश्न पाहा : ‘त्या चौदा गाड्या बाहेर वळल्या, तेव्हा पुढे काय चाललंय हे तुम्हाला डोळ्यांनी कळलं की रेडिओवरून? आणि ट्रॅक एवढा मोकळा झाल्यावर गाडी चालवण्याची पद्धत बदलली का?’ हा प्रश्न माणसाला थेट त्या क्षणात नेऊन बसवतो. त्यात अभिमान, गोंधळ, मोह, सावधपणा सगळं आपोआप येईल. भावना थेट मागितली की ती औपचारिक होऊन येते. कृती विचारली की भावना तिच्याबरोबर चालत येते.

माणूस पाहून प्रश्न

महाराष्ट्रातलीच तीन उदाहरणं घेऊ. तुमचे पाहुणे दुसरे कुणी असले, तरी पद्धत हीच.

मुंबईचा जेहान दारुवाला कार्टिंगपासून चढत चढत फॉर्म्युला टूपर्यंत गेला आणि डिसेंबर २०२० मध्ये बहारीनला त्याने त्या मालिकेतला आपला पहिला विजय मिळवला. २०२३-२४ च्या मोसमात तो मासेराती संघाकडून फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवरच्या गाड्यांच्या शर्यतींत उतरला. तिथे बॅटरीतली ऊर्जा पुरवून वापरावी लागते, म्हणून वळण येण्याच्या बऱ्याच आधी ड्रायव्हर पाय उचलतो आणि गाडी घरंगळत जाऊ देतो. त्याच्यासाठीचा प्रश्न इथेच तयार आहे : ‘लहानपणापासून पाय दाबून ठेवायला शिकलेल्या माणसाने पाय लवकर उचलायची सवय कशी लावून घेतली? डोक्याला पटल्यावर पायाला पटायला किती वेळ लागला?’

पुण्याच्या डायना पुंडोले यांनी २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेच्या सलून गटाचं विजेतेपद मिळवलं. असं विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. ‘पुरुषांच्या खेळात बाई म्हणून कसं वाटतं?’ हा प्रश्न त्यांना आजवर पुष्कळांनी विचारला असेल. त्यांनी शिक्षिका म्हणूनही काम केलं आहे. मग विचारावं : ‘अवघड वळण स्वतः शिकताना तुम्ही त्याचे धड्यासारखे भाग पाडता का? वर्गात चुकणाऱ्या मुलाशी जसं बोलता, तसं चुकलेल्या फेरीनंतर स्वतःशी बोलता का?’ बाईपणाचे अनुभव सांगण्याजोगे असतील, तर ते याच वाटेने येतील, आणि त्यांच्या स्वतःच्या शब्दांत येतील.

पुण्याचेच संजय टकले रॅलीतले. जानेवारी २०२५ मध्ये ते सौदी अरेबियाच्या वाळवंटात डकार क्लासिक स्पर्धेत उतरले. ही स्पर्धा जुन्या जमान्यातल्या गाड्यांची. तिच्यात सर्वांत वेगवान असण्यापेक्षा ठरवून दिलेला सरासरी वेग काटेकोरपणे राखण्याला महत्त्व असतं. ‘टॉप स्पीड किती?’ हा प्रश्न इथे अगदीच गैरलागू. त्याऐवजी : ‘आयुष्यभर घाई केलेल्या माणसाला अचूक वेळेवर पोहोचणं जास्त कठीण जातं का? वाळूत गाडी रुतून वेळ गेला, की तो पुढे कसा भरून काढायचा हे कोण ठरवतं, तुम्ही की सहचालक?’

तुमच्या जिल्ह्यातून निघणारे प्रश्न

आता तुमच्या तक्रारीकडे येऊ. आमच्याकडे ट्रॅक नाही, असं तुम्ही म्हणता. पण तुमच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याला वाहनांचं जेवढं ज्ञान आहे, तेवढं फार थोड्या जिल्ह्यांना असेल.

१ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी धावली ती पुणे-अहमदनगर मार्गावर. तेव्हापासून तुमच्या जिल्ह्यातले चालक घाट चढत-उतरत आले आहेत. संगमनेर आगारातल्या एखाद्या जुन्या चालकाला भेटा आणि चंदनापुरी घाट भरलेली गाडी घेऊन कसा उतरायचा ते विचारा. खालचा गिअर टाकून इंजिनलाच गाडी धरायला लावायची, ब्रेक सतत दाबून तापवायचे नाहीत, हे तो सांगेल. मग तोच मुद्दा घेऊन रेसिंग ड्रायव्हरकडे जा : ‘आमच्याकडचा एसटीचा चालक ब्रेक वाचवतो. तुमच्या गाडीत ब्रेक थंड पडले तरी चालत नाहीत म्हणतात. ते नेमके किती गरम हवेत, आणि ते तुम्हाला कशावरून कळतं?’ असा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नसण्याची शक्यता मोठी आहे. कारण तो चंदनापुरी घाट पाहिलेल्या माणसालाच सुचतो.

जिल्ह्याच्या मुख्यालयात डीआरडीओची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे. वाहनं पारखण्यासाठी तिथे चाचणीचे ट्रॅक आहेत. चाचणी घेणारा चालक गाडीतला दोष शोधतो. शर्यतीतला ड्रायव्हर दोष असलेली गाडीही शेवटपर्यंत पळवतो आणि खाली उतरून इंजिनिअरला तो दोष समजावतो. गाडीचं नाक वळणात पुरेसं वळत नाही की मागचा भाग सुटतो, हे शब्दांत नेमकं सांगता आलं तरच ती सुधारते. म्हणून विचारा : ‘गाडी तुमच्या मनासारखी वळत नसेल, तर इंजिनिअरला नेमकं कोणतं वाक्य सांगता? तुमच्या सांगण्यात आणि संगणकावरच्या आलेखात फरक पडला, तर कुणाचं खरं धरतात?’

पारनेर-संगमनेरकडच्या बैलगाडा शर्यतीही विसरू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घातलेली बंदी, डिसेंबर २०२१ मध्ये मिळालेली परवानगी आणि मे २०२३ मध्ये राज्याच्या कायद्याला मिळालेली मान्यता, एवढ्या वळणांतून हा खेळ परत घाटात, म्हणजे बैलगाड्यांच्या धावपट्टीवर, आला. प्रत्येक बारीचा, म्हणजे एका गाड्याच्या धावेचा, निकाल सेकंदांच्या हिशोबात लागतो. बैलांच्या पुढे घोडी पळवणाऱ्या स्वाराला विचारा : मागे वळून न बघता बैल किती जवळ आले, हे तुला कशावरून कळतं? तो आवाजाबद्दल बोलेल, की जमिनीच्या हादऱ्याबद्दल, की घोडीच्या कानांबद्दल? त्याचं उत्तर लिहून घ्या आणि तोच प्रश्न रेसिंग ड्रायव्हरला विचारा : ‘आरशात न बघता मागची गाडी तुम्हाला कशी जाणवते?’ दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी छापलीत, तर तुमचा अंक लोक जपून ठेवतील.

उसाच्या हंगामाचंही तेच. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर रात्री अचानक पुढे येणं हा तुमच्या रस्त्यांवरचा रोजचा धोका आहे. ‘ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात आणि सगळ्यांना नियम ठाऊक असतात. आमच्या रस्त्यावर रात्री गाडी चालवताना तुम्ही तुमची कोणती सवय मुद्दाम बंद करता?’ या प्रश्नाचं उत्तर तुमच्या वाचकांच्या थेट उपयोगाचं आहे. ‘तरुणांना संदेश’ याच्यापेक्षा हे उत्तर नक्कीच जास्त पोहोचेल.

पैसा आणि अपघात

हे विषय टाळू नका, पण मोघमही ठेवू नका. ‘हा खेळ महाग आहे ना?’ याला ‘हो’ यापलीकडे उत्तर नाही. शर्यतीचे कायमस्वरूपी ट्रॅक भारतात मोजकेच आहेत : चेन्नईजवळ, कोइमतूरला, ग्रेटर नोएडाला. म्हणजे पुण्याच्या ड्रायव्हरला सरावालाही शेकडो किलोमीटर जावं लागतं. तेव्हा ‘सरावाच्या एका दिवसाचा खर्च कशाकशात जातो? टायर, इंधन, मेकॅनिक, ट्रॅकचं भाडं, प्रवास यांत सर्वांत मोठा भाग कोणता? आणि प्रायोजकाकडे पहिल्यांदा गेलात तेव्हा सोबत काय दाखवायला नेलं होतं?’ असं विचारा. गावाकडच्या एखाद्या मुलाला या खेळात यायचं असेल, तर त्याला हेच ऐकायचं असतं.

अपघाताबद्दल विचारण्याआधी पाहुण्यांची परवानगी घ्या, आणि ते नाही म्हणाले तर तिथेच थांबा. बोलायला तयार असतील, तर धडकेपेक्षा पुनरागमनाकडे वळा : ‘त्याच वळणावर पुन्हा पहिल्यांदा गेलात, तेव्हा ब्रेक आधी दाबला की तिथेच?’

प्रत्यक्ष मुलाखतीत

वर दिलेले सगळे प्रश्न नेऊ नका. पाच-सहा निवडा, बाकीचा वेळ ऐकण्यासाठी ठेवा. पहिला प्रश्न सोपा आणि हाताने दाखवता येईल असा असू द्या : स्टिअरिंग कसं धरता, बसण्याची जागा शरीराच्या मापाने कशी बनवतात? माणूस हाताने दाखवू लागला की मोकळा होतो. उत्तरात न कळलेला शब्द आला, तर मान डोलावू नका. ‘म्हणजे कसं?’ असं लगेच विचारा. तुम्हाला या खेळातलं फारसं कळत नाही ही तुमची अडचण नाही, कारण तुमच्या वाचकांनाही तो शब्द समजून घ्यायचाच आहे. अंक छापण्यापूर्वी शर्यतींची नावं, वर्षं आणि क्रमांक पाहुण्यांकडून एकदा तपासून घ्या.

‘तुम्हाला आजवर कुणीच न विचारलेला प्रश्न कोणता?’ हा हल्ली लोकप्रिय झालेला शेवटचा प्रश्न तुम्ही मात्र विचारू नका. तो प्रश्न शोधणं हे मुलाखत घेणाऱ्याचं काम आहे, आणि ते काम पाहुण्यांवर टाकणं बरं नव्हे. तुम्ही आगारात जाऊन आलात, घाटात उभ्या राहिलात, घोडीवाल्याशी बोललात, तर असे चार प्रश्न तुमच्या वहीत आधीच असतील.