गोळ्यांनी गुण नाही, आता इंजेक्शन?

प्रश्न : वय ५८, मधुमेह आहे. गोळ्या घेऊनही ताठरता येत नाही. डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवलंय. भीती वाटते. विमा खर्च देईल का?

उत्तर : सुई इन्सुलिनच्या सुईसारखी बारीक असते, त्यामुळे घाबरू नका. पहिला डोस मात्र मूत्ररोगतज्ज्ञांसमोरच, कमी मात्रेत घ्या. मग ते स्वतः टोचायला शिकवतील. २४ तासांत एकदाच, दर वेळी लिंगाची बाजू बदलून. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगा. ताठरता ४ तासांवर टिकली, तर रात्र असो वा लाज, थेट रुग्णालय गाठा. उशिराने कायमची इजा होते.

विम्याचं म्हणाल, तर बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरचाच खर्च देतात. घरचं इंजेक्शन ओपीडीत मोडतं. ओपीडी संरक्षण असलं तरी हा उपचार वगळलाय का, हे कंपनीकडून लेखी घ्या.